डब्लिनवाल्याचा जाड आवाज

१६ जाने. ९४, रवि.
पुलगावले गेलतो. पॅसेंजर दीड घंटा लेट. वर्धा स्टेशनवर तीन चहा झाले, तिसरा फुकट गेला, पाणीच होतं नुसतं.
पभ्याच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बसलो. तिथल्या मिलिटरी डेपोतल्या एका साहेबाची बदली झाली, जाता जाता दोन कॅसेटी पभ्याले देऊन गेला. कव्हर नाई, बँडचं नाव नाई. बॉलपेननं एकीवर लिहिलं डब्लिन, दुसरीवर बेलफास्ट. साहेब म्हणे, दोन्ही आयर्लंडचे जुने रॉक बँड, ऐकून पहा.
मोठ्या डेकवर लावल्या. डब्लिन (डब.) पहिले. काय आवाज बाप्पा! विहिरीत उतरून गाऊन राह्यला जसा. दोन गिटार संगं संगं चालतात, एकमेकींचा हात सोडत नाईत. तिसऱ्या गाण्यात बासरी. रॉकमधे बासरी! काटा आला अंगावर.
बेलफास्ट (बेल.) ठीक. बोंबाबोंब जास्त.
पभ्याले बेल. आवडली. म्हणलं, शाळेपासून तुझा कान असाच आहे. झालं, जुंपली आमची.

२३ जाने. ९४, रवि.
पभ्यानं डब. ची कॉपी करून दिली, मोठ्या डेकवर ओरिजिनल, छोट्यावर कोरी कॅसेट. घरी येऊन पाच वेळा ऐकली. बाबूजी म्हणे, हा माणूस आजारी आहे काय.

१३ मार्च ९४, रवि.
आमच्या रविवारच्या बैठकीले आता मनोहर सर पण येतात, बोरगाव मेघेचे, कॉलेजात इंग्रजी शिकवतात. गाण्याचे शब्द लिहून देतो म्हणाले होते. कान लावून घंटाभर बसले, तीन ओळींच्या पुढं गाडी गेली नाई. म्हणे, उच्चार जड आहेत.
पभ्या : तुझा ड्रमवाला झोपून वाजवते बे. उठव त्याले.
मी : तुझ्या बेल. ची गाडी सुटून राह्यली काय? कायची घाई आहे त्याहिले?
पभ्या : गाण्यात जीव पाहिजे.
मी : वजन पाहिजे.
सर मधे. त्याहिले दोन्ही आवडतात म्हणे. असा माणूस काय कामाचा?
आलूबोंडे चांगले होते.

११ जून ९४
आमच्या भांड्याच्या दुकानात गर्दी. लग्नसराईचा शेवटचा जोर. नाव टाकायच्या मशीनवर बसून हात बधिर झाला, एकाच घरचे एक्कावन्न गंज.
एक म्हातारी कास्याची थाळी म्हणून पितळ घेऊन आली मोडीले. मी टिचकी मारली आणि आवाज ऐकताच सांगितलं. तिचा जावई भांडाले उठला, तासून पाहिलं तर पितळच. बाबूजी गिऱ्हाइकासमोर म्हणाले, आमच्या दिनूच्या कानाले तोड नाई. घरात कधी म्हणत नाईत.
पभ्याले सांगितलं पाहिजे. मले सूर शिकवते!

४ जून ९५
लग्नाले तीन आठवडे झाले. सुनंदा गाणं शिकलेली आहे, तीन परीक्षा दिल्या. पेटी संगं आणली माहेरून. मले वाटलं होतं डब. ऐकून पळून जाईन. बसून ऐकली पुरी. म्हणे, गातात चांगले, पण उदास काऊन आहेत एवढे?

२ जुलै ९५, रवि.
आज पुलगाव चुकवलं, पण गोष्ट अशी घडली की चुकवलं ते बरं झालं.
सुनंदा पेटीवर डब. चं पहिलं गाणं वाजवाले बसली. काळी एक धरली, जमेना. तिच्या शेजारची पांढरी दोन धरली, जमेना. गाणं बरोबर दोन्हीच्या मधे. दुसरं गाणं, तेच. सगळीच्या सगळी कॅसेट पेटीच्या पट्ट्यांच्या फटीत.
ती म्हणे, पेटी तर लग्नाआधी सुरात लावून आणली आहे हो.
मी म्हणलं, पेटीची चूक नाई. त्याहिचा सूरच वेगळा आहे. आपल्याकडे श्रुती असतात तसं त्याहिच्याकडे असन. म्हणून तर तो आवाज असा जाड लागते. साध्या पट्टीत गाणारे हजार आहेत.
तिनं पेटी झाकून ठेवली. मले झोप लागेना.

९ जुलै ९५, रवि.
बैठकीत सांगितलं. सर उडालेच. "दिनकरराव, हे लिहा." पभ्या डोकं खाजवून राह्यला. मग म्हणे, "आमची बेल. पण पेटीवर लावून पहाना."
म्हणलं, तिले काय गरज आहे.

१९ नोव्हें. ९५
वाचनालयात निबंध वाचला. नाव "आयरिश सूर". तीस-पस्तीस लोक. सुनंदानं पेटीवर काळी एक वाजवली, पांढरी दोन वाजवली, मग मी कॅसेट लावली. लोकं हो हो करून राह्यले. अध्यक्ष म्हणे, भांड्याच्या दुकानात बसून असं संशोधन! बाबूजी मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते, मले माहीतच नाई.
पभ्या त्याच्या मायले घेऊन आलता पुलगावहून. पहिल्या रांगेत बसले. सर निबंध कॉलेजच्या वार्षिकांकात छापणार.
एवढा आनंद लग्नात पण झाला नाई. (हे सुनंदानं वाचू नये.)

२५ ऑगस्ट ९६, रवि.
पुलगाव. पभ्यानं मोठ्या डेकचा बेल्ट बदलला. जुना ढिला होऊन चिकट झालता म्हणे, बोटाले काळं लागते. नवा नागपूरहून मागवला. बेल. ऐकली, आज बरी वाटली, टवटवीत. पभ्याले बोललो नाई, चढून बसन.
डब. लावाले सांगितली तर गिऱ्हाईक आलं, राहून गेली.

१ सप्टें. ९६, रवि.
पभ्या आज गप्प गप्प. मायले बरं नाई काय, विचारलं. बरं आहे म्हणे. डब. लाव म्हणलं तर, "ओरिजिनल आता वाजवायची नाई. घासते टेप. तुझी कॉपी आणत जा, तीच ऐकू."
बरोबर आहे त्याचं. एकदा गेली तर कुठून आणायची?

२० एप्रिल ९७, रवि.
गेल्या कित्येक बैठकांत पाहून राह्यलो, पभ्या आता माझ्या ड्रमवाल्यावर बोलत नाई. पहिले दर रविवारी झोपलेला म्हणून चिडवायचा. आज मीच काढलं, बोल ना, झोपला का माझा ड्रमवाला? म्हणे, "नाई बे. चांगला आहे तो."
सुटलो! तीन वर्षांनी एक मुद्दा कबूल केला. सरले साक्षीदार धरलं.
गिटारवर अजून अडलेला आहे. म्हणे बेल. ची एकच गिटार आहे पण बोलते.

१४ फेब्रु. ९८
मुलगी झाली. दोघी ठीक. गंज, गुंड, परात, सगळ्यांवर तिचं नाव टाकून देतो म्हणे बाबूजी, आणि नाव अजून ठरलं नाई.

७ मे २०००, रवि.
घात झाला. घरच्या टेपनं कॅसेट खाल्ली. डब. पेन्सिल घालून गुंडाळाले गेलो तर आतली टेप तुटली, वर चुरगळली. ऊन असं की खिडकीत ठेवलेली कॅसेट वाकडी होते, तशीच झाली असन. सुनंदा म्हणे, रडून राह्यले का? म्हणलं, घाम आहे.
तसाच पुलगावले गेलो. पभ्यानं पाहिली, म्हणे ही गेली. मी म्हणलं, ओरिजिनल आहे ना, त्याच्यावरून काढून दे. तो चुरगळलेली टेप बोटानं सरळ करत बसला. मग म्हणे, देतो, पण टाईम लागन.

१४ मे २०००, रवि.
पभ्या म्हणे अजून झाली नाई. एका कॉपीले आठ दिवस! पहिले एका घंट्यात करून देत होता. म्हातारा झाला म्हणलं. हसला.

२१ मे २०००, रवि.
मिळाली. घरी येऊन ऐकली. तोच आवाज, तसाच जाड. सुनंदानं पेटी काढली, काळी एक आणि पांढरी दोनच्या बरोबर मधे. कुठं काही सांडलं नाई. पभ्याचा हात खरंच चांगला आहे, तोंडावर म्हणलं नाई तरी.

२ डिसें. ०१, रवि.
लिहून टाकतो, नाईतर डोकं फुटन.
पुढल्या रविवारी नागपूरले संगीतवाल्यांच्या मंडळात "आयरिश सूर" वाचायचा आहे. सरनं जमवून आणलं. मोठे मोठे गाणारे, वाजवणारे येणार. मोठा डेक पाहिजे, हॉलमधे आवाज पोचाले. पभ्या नाई कोणाले विचारू?
पभ्या म्हणे, डेक देणार नाई.
मले वाटलं मजाक करून राह्यला. नाई. "दिन्या, ते तू नागपूरले वाचू नको." काऊन? "नको वाचू म्हणलं ना." काऊन पण? "वर्ध्यात वाचलं, ठीक झालं. तिथं नको."
जळते, दुसरं काय. सात वर्षं बेल. बेल. करून कोणी विचारलं नाई त्याले. मी पण मग बोललो. सगळ्या दुकानासमोर म्हणलं, तुले सुरातलं काय कळते? तू सोल्डरवाला आहे, सोल्डर लाव.
पभ्या उभा राह्यला. म्हणे, "दिन्या, तुझा तो बुवा जाडा नाईच..." आणि थांबला. मग गल्ल्यामागं जाऊन रेडिओ उघडून बसला. सरनं मले बाहेर आणलं.
जाडा नाईच म्हणजे काय? कान फुटले का याचे?

९ डिसें. ०१, रवि.
नागपूरले गेलो नाई. तब्येतीचं कारण कळवलं. भाड्यानं डेक मिळत होता, पण मन उतरलं. आता पुलगावले पाय ठेवणार नाई.

१७ ऑगस्ट ०३
पुलगावहून गाडी गेली. सुनंदाच्या मावशीकडे चाललो होतो. प्लॅटफॉर्मवर पभ्या दिसला, हातात पिशवी. त्यानं पाहिलं का नाई माहीत नाई. मी पेपर समोर धरला.

(बिनतारखेचं, ०४)
सर रिटायर झाले, पोराकडे पुण्याले गेले. बैठक संपली म्हणजे संपलीच. सर म्हणे पभ्यानं आता मोबाईलच्या रिचार्जची पाटी लावली आहे, टेप कोणी आणत नाई. म्हणलं, मले काऊन सांगता?
रविवारी आता दुकान उघडं ठेवतो.

२४ ऑक्टो. ०६, भाऊबीज
सुनंदाचा भाऊ आला पुण्याहून, कॉम्प्युटरवाला. जेवण झाल्यावर डब. ऐकवली त्याले. कॅसेट पाहून हसला, मग ऐकत राह्यला. म्हणे, "भाऊजी, हे माझ्या ऑफिसात एकजण सारखं लावतो. पण ते असं नाही वाटत. शोधतो."
असं नाई म्हणजे कसं, ते त्याले सांगता आलं नाई.

४ नोव्हें. ०६
सीडी आली कुरिअरनं. वर बँडचं नाव आहे, गाणाऱ्याचं नाव आहे, फोटो आहे. इथं लिहीत नाई. बारा वर्षं डब. म्हणलं, डब. च राहू दे.
पोरीनं लावून दिली.
हा कोण गाऊन राह्यला? हलका, उंच, घाईत. शब्द समजतात. गाणं तेच, गिटारी त्याच. तिसऱ्या गाण्यातली बासरी बासरी नाई, शिट्टी आहे, टिनाची शिट्टी! ड्रमवाला उड्या मारत सुटला. मले वाटलं पोरीनं चुकीचं बटण दाबलं. मग घड्याळ लावून मोजलं. सीडीवर पहिलं गाणं चार मिनिटांत संपते. कॅसेटवर चार मिनिटं वीस सेकंद.
सुनंदानं न सांगता पेटी ओढली. काळी दोन. म्हणे, "बसलं हो. बरोबर काळी दोनवर बसलं."
मी भांड्याले टिचकी मारून धातू सांगणारा माणूस. उठून मोरीवर जाऊन तोंड धुतलं.

५ नोव्हें. ०६, रवि.
दुकान उघडलं नाई. जुन्या वह्या काढल्या. बेल्ट ढिला तर डेक हळू फिरन, हळू फिरला तर आवाज जाड होईन. एवढं तर पोरीले पण कळलं. म्हणजे साहेबाची कॅसेट ठीक होती, पभ्याचा डेक ढिला होता. साधी गोष्ट. मी त्याच्यावर निबंध लिहिला!
पण मग वही वाचता वाचता बोट थांबलं.
बेल्ट बदलला २५ ऑगस्ट ९६ ले. मीच लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात.
नवी कॉपी मिळाली २१ मे २००० ले. तोच जाड आवाज, त्याच फटीत.
नव्या बेल्टवर तसा आवाज येईन कसा?

६ नोव्हें. ०६
येणारच नाई. कोणी मुद्दाम आणल्याशिवाय.
आठ दिवस नाई, चौदा दिवस लावले त्यानं. मी म्हातारा झाला म्हणलं होतं.
ओरिजिनल वाजवायची नाई म्हणे, घासते. ड्रमवाला चांगला आहे म्हणे. नागपूरले नको वाचू म्हणे. त्या हॉलमधे कोण कोण बसलं असतं, पहिल्या मिनिटात हसले असते. आणि मी त्याले सोल्डरवाला म्हणलं. पाच वर्षं तोंड दाखवलं नाई.
लाज वाटून राह्यली. सरळ लिहितो, लाज वाटून राह्यली.
सुनंदा म्हणे, वहीत लिहून काय होते? रविवारी गाडी आहे ना?

१२ नोव्हें. ०६, रवि.
सकाळची पॅसेंजर आज टायमावर. उलट लेट असती तर बरं झालं असतं. पिशवीत गोरसपाक बिस्किटांचा डबा आणि कॅसेट. सीडी घरीच ठेवली. काऊन ठेवली, माहीत नाई.
दुकान अर्धं झालं आहे, अर्ध्यात रिचार्ज आणि मोबाईलचे कव्हर. पभ्याचे केस गेले. मले पाहून म्हणे, "ये." जसा मागच्याच रविवारी गेलतो. स्टूल तोच.
गोरसपाक दिला. मग कॅसेट दिली. मागं कापडाखाली मोठा डेक, अजून चालते. त्यानं लावली. जाड आवाज आला दुकानात. 
मी म्हणलं, "पभ्या, बेल्ट ढिला आहे का रे?"
तो डेककडेच पाहून राह्यला. "कोणी सांगितलं?"
"सीडी ऐकली."
"हं."
"दोन हजार साली मुद्दाम ढिला केला?"
"बेल्ट नाई. मोटरले एक स्क्रू असते, स्पीडचा. थोडा फिरवला तर फार हळू होते, थोडा सोडला तर फास्ट. तुझी कॅसेट तर तुटलेली, मिळवून पहाले काहीच नाई. कानानंच जुळवलं." मग म्हणे, "सोल्डरवाल्यानं."
मी म्हणलं, चुकलं माझं. असंच म्हणलं, चुकलं. आठवडाभर मनात जुळवलं होतं ते बाकीचं काही आठवलं नाई.
इतक्यात गिऱ्हाईक, पन्नासचा रिचार्ज. नंबर दोनदा चुकला पभ्याच्या हातून.
गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, ९६ ले सांगितलं काऊन नाई?
"कसं सांगू बे? डेक माझा, चूक माझी. आणि तू वाचनालयात वाचलं त्या दिवशी घरी जाता जाता माय म्हणे, दिनूचं काही समजलं नाई मले, पण पोरगं किती खुललं होतं. मग मी कोणत्या तोंडानं सांगू?"
माय गेल्या साली गेली. मले कळवलं नव्हतं. कळवन कसा, मी पेपर समोर धरत होतो.
मग आलूबोंडे आणले त्यानं. खाता खाता म्हणे, "एक गोष्ट सांगू? हसशीन."
"सांग."
"नव्या बेल्टवर तुझी डब. ऐकली ना मी पहिल्यांदा, खरी, तवाच समजलं. बेल. काहीच नाई तिच्यासमोर. दहा वर्षं झाली. कोणाले सांगू? तुले सांगितलं असतं तर तू विचारलं असतं, आता काऊन आवडली? म्हणून बेल. बेल. करत राह्यलो."
मी हसलो नाई. खरं सांगून टाकलं. म्हणलं, "पभ्या, मले सीडीवरची आवडली नाई. घाईचा वाटते तो. मले हाच पाहिजे, जाडवाला."
"हा तर नाईच आहे बे कुठं. हा फक्त या डेकमधे आहे."
"मग?"
"मग काही नाई."
परत भांडण लागलं. जे बँडनं कधी असं वाजवलंच नाई, त्याले चांगलं म्हणता येते का? पभ्या म्हणे नाई. मी म्हणलं, माझ्या कानांनी बारा वर्षं ऐकलं ते खोटं कसं? तो म्हणे, निबंध लिहून आण. मी म्हणलं, लिहीन, तू पहिल्या रांगेत बसजो.
जाता जाता त्यानं डेकचं मागचं झाकण काढलं. ओरिजिनल लावली, साहेबाची, बॉलपेनचं डब्लिन आता पुसट झालं आहे. बारका पेचकस माझ्या हातात दिला. म्हणे, "हा स्क्रू. चालू गाण्यात फिरवता येते. तुले पाहिजे तिथं थांबव."
गाणं चालू होतं, खरं, हलकं, उंच. पेचकस स्क्रूवर ठेवला. एका बाजूनं फिरवला तर माझा जाडवाला, नाई फिरवला तर पभ्याचा खरा. पभ्या माझ्या हाताकडं पाहून राह्यला, मी त्याच्याकडं. शिट्टीवालं तिसरं गाणं लागलं, संपलं. हात तसाच.
पाचची गाडी चुकली. साडेसातच्या बसनं आलो. सुनंदानं विचारलं, कॅसेट कुठं आहे? माझी कॉपी पभ्याच्या काउंटरवरच राह्यली. आणाले जावं लागन.